डायलिसिस मोफत, पण औषधांचे काय?

कर्जत, (खास प्रतिनिधी) : मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला शासकीय योजनेतून डायलिसिस विनामूल्य मिळू शकते, ही माहिती आता बहुतेक कुटुंबांपर्यंत पोहोचली आहे. मात्र डायलिसिस आटोपून रुग्ण बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात औषधांची चिठ्ठी असते आणि खर्चाचा दुसरा अध्याय तेथून सुरू होतो. रक्तवाढीची इंजेक्शने, लोहाची सलाईन, फॉस्फेट रोखणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची दोन-तीन प्रकारची औषधे हा खर्च एका आठवड्याचा किंवा महिन्याचा नसतो. प्रत्यारोपण होईपर्यंत किंवा आयुष्यभर तो चालूच राहतो. कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्यातील तालुक्यांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. जिल्ह्याचे ठिकाण असलेले अलिबाग दूर समुद्रकाठी, तर येथील रुग्णांचा ओढा पनवेल, कामोठे, उल्हासनगर आणि मुंबईकडे. त्यामुळे उपचार एका ठिकाणी, कागदपत्रे दुसऱ्या ठिकाणी आणि औषधे तिसऱ्याच ठिकाणी, अशी कुटुंबाची विभागणी होते.

डायलिसिसच्या औषधांसाठी म्हणून स्वतंत्र अशी एकच योजना नाही. मदत आहे, पण ती पाच-सहा ठिकाणी विखुरलेली आहे. प्रत्येक ठिकाणची अट वेगळी आणि कागद वेगळे. कोणत्या दारावर आधी जावे, हे ठाऊक असल्यास खर्चाचा मोठा भाग टळू शकतो. ते ठाऊक नसल्यास कुटुंब आधी खिशातून पैसे भरते आणि भरलेल्या पैशांची भरपाई बहुतेक योजनांत मिळत नाही.

औषधे टाळली तर काय होते?

मूत्रपिंडाचे काम केवळ रक्त गाळण्याचे नसते. रक्तातील तांबड्या पेशी तयार होण्यासाठी लागणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यत्वे मूत्रपिंडातच तयार होते. ‘ड’ जीवनसत्त्व शरीराला वापरता येईल अशा रूपात आणण्याचे अखेरचे कामही तेथेच होते. डायलिसिसचे यंत्र रक्तातील दूषित द्रव्ये आणि जादा पाणी काढून टाकते. ही दोन कामे मात्र त्याला करता येत नाहीत. ती औषधांनीच करावी लागतात.

एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन बंद पडले की हिमोग्लोबिन हळूहळू उतरते, धाप लागते, हृदयावर ताण येतो. शेवटी रक्त चढवण्याची वेळ येते. वारंवार रक्त चढवल्याने शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि पुढे जुळणारे मूत्रपिंड मिळणे अवघड होते. म्हणजे आज वाचवलेल्या इंजेक्शनची किंमत उद्या प्रत्यारोपणाच्या संधीने चुकवावी लागते.

फॉस्फेटच्या गोळ्यांचेही तसेच आहे. अन्नातील फॉस्फेट डायलिसिसने पुरेसे निघत नाही. ते साठत गेले की हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते, अंगाला असह्य खाज सुटते. कॅल्शियम अॅसिटेट हे यावरील तुलनेने स्वस्त औषध आहे, तर सेवेलामर महाग. ही गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते. रिकाम्या पोटी घेतल्यास तिचा उपयोग होत नाही आणि पैसेही वाया जातात.

पहिले दार सरकारी रुग्णालयाचे

केंद्र सरकारने २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली. देशात दरवर्षी सुमारे २ लाख २० हजार नव्या रुग्णांची मूत्रपिंडे पूर्णतः निकामी होतात आणि त्यामुळे डायलिसिसच्या ३ कोटी ४० लाख जादा फेऱ्यांची गरज निर्माण होते, असा सरकारचा त्या वेळचा अंदाज होता. एका डायलिसिसचा खर्च सुमारे दोन हजार रुपये आणि वर्षाचा तीन ते चार लाख रुपये धरण्यात आला होता. जिल्हा रुग्णालयांत खासगी संस्थेच्या भागीदारीतून केंद्रे उभारायची, दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ही सेवा विनामूल्य द्यायची, असे या कार्यक्रमाचे स्वरूप आहे.

या कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांतील एक बाब रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. यंत्रे, शुद्ध पाण्याची यंत्रणा, डायलायझर आणि कर्मचारी ही खासगी भागीदाराची जबाबदारी. जागा, वीज, पाणी आणि औषधे ही सरकारची, अशी कामाची वाटणी त्यात आहे. त्यामुळे शासकीय केंद्रात डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाने औषधांबाबत केंद्रातील तंत्रज्ञाकडे नव्हे, तर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे विचारणा करावी.

राज्य शासनाच्या २०२३ मधील निर्णयाने या मागणीला आणखी बळ मिळाले आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. रुग्णांना बाहेरून औषधे आणण्यास सांगू नये, औषध उपलब्ध नसल्यास रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून ते स्थानिक पातळीवर खरेदी करावे, असेही तेव्हा स्पष्ट करण्यात आले. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौक येथील ग्रामीण रुग्णालये याच विभागाच्या अखत्यारीत येतात. ज्या रुग्णाचे डायलिसिस पनवेल किंवा मुंबईत होते, त्यालाही रक्तदाबाच्या गोळ्या, लोह, कॅल्शियम यांसारखी नेहमीची औषधे आपल्या तालुक्यातील रुग्णालयातून मागता येतात. त्यासाठी मूत्रपिंडतज्ज्ञाची चिठ्ठी आणि अलीकडचे रक्ततपासणीचे अहवाल सोबत असावेत. महागडे इंजेक्शन तेथे मिळेलच असे नाही. पण चिठ्ठीतील स्वस्त औषधे सरकारी रुग्णालयातून मिळाली, तर घरचा पैसा महाग औषधासाठी शिल्लक राहतो.

वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि महापालिकांची रुग्णालये यांचे नियम मात्र निराळे आहेत. तेथे समाजसेवा अधीक्षकांच्या कार्यालयात जाऊन गरीब रुग्ण निधीतून औषधे मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो. या कार्यालयाची पायरी न चढताच अनेक नातेवाईक थेट औषधाच्या दुकानाकडे वळतात.

महात्मा फुले योजनेची व्याप्ती

राज्याच्या आरोग्य विमा योजनेशी रायगडचे नाते जुने आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घालण्यात आली.

सुरुवातीला या योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस म्हणजे वर्षाला १५६ वेळा. प्रत्येक वेळी दीड हजार रुपये धरले तरी हा हिशेब २ लाख ३४ हजारांवर जातो. जुनी मर्यादा डायलिसिसच्या रुग्णाला किती तोकडी होती, हे यावरून लक्षात यावे. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही मर्यादा पाच लाख रुपये, तर मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी साडेचार लाख रुपये करण्यात आली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट सैल होऊन राज्यातील सर्व कुटुंबांना योजना खुली झाली. ७० वर्षांवरील ज्येष्ठांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत सामावून घेण्यात आले आहे.

योजनेचे तत्त्व ‘पॅकेज’चे आहे. त्या उपचारासाठी लागणाऱ्या तपासण्या, औषधे आणि साहित्य यांचा खर्च पॅकेजच्या रकमेतच धरलेला असतो. रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांत घरी सोडल्यानंतरच्या दहा दिवसांची औषधेही समाविष्ट असतात. फिस्टुलाची शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग किंवा फुफ्फुसात पाणी झाल्याने दाखल झालेल्या रुग्णाने ही दहा दिवसांची औषधे मागून घ्यावीत. दररोज घरी घ्यायची औषधे मात्र या योजनेत येत नाहीत आणि रुग्णांची खरी अडचण नेमकी येथेच आहे.

म्हणून डायलिसिस सुरू होण्यापूर्वीच योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला एक प्रश्न विचारावा : डायलिसिसच्या वेळी टोचली जाणारी इंजेक्शने पॅकेजमध्ये धरली आहेत की नाहीत? जे औषध पॅकेजमध्ये आहे, ते बाहेरून आणायला सांगितले गेल्यास त्याची चिठ्ठी आणि पावती जपून ठेवावी आणि योजनेच्या १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या निःशुल्क क्रमांकांवर तक्रार नोंदवावी. योजनेतील रुग्णालयांची यादी बदलत असते. आपले रुग्णालय आज त्या यादीत आहे का, याची खात्रीही याच क्रमांकांवर करता येते.

कामगारांना विम्याचा आधार

खोपोलीतील कारखाने आणि रसायनी-पाताळगंगा औद्योगिक पट्टा यांमुळे खालापूर तालुक्यात कामगार कुटुंबांची संख्या मोठी आहे. मासिक वेतन २१ हजार रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराचे नाव कर्मचारी राज्य विमा योजनेत असते. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेचा भाग झाली आहे. औषधांच्या बाबतीत सर्वांत व्यापक संरक्षण या योजनेत आहे, कारण तिच्या वैद्यकीय लाभात दवाखान्यातून मिळणाऱ्या नेहमीच्या औषधांचाही समावेश होतो आणि तो कामगारासह त्याच्या अवलंबित कुटुंबीयांना मिळतो.

आजारी कामगाराच्या दृष्टीने आणखी एक तरतूद मोलाची आहे. विमा महामंडळाच्या ३४ दीर्घकालीन आजारांच्या यादीत मूत्रपिंडाच्या जीर्ण विकाराचा समावेश आहे. सलग दोन वर्षे विमाधारक असलेल्या आणि अंशदानाची अट पूर्ण करणाऱ्या कामगाराला अशा आजारात सर्वसाधारण ९१ दिवसांच्या आजारपण लाभानंतर सरासरी वेतनाच्या ८० टक्के दराने वाढीव लाभ मिळतो. त्याची कमाल मर्यादा दोन वर्षांची आहे. डायलिसिस सुरू होताच अनेक कामगार राजीनामा देऊन मोकळे होतात. तसे करण्यापूर्वी विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात चौकशी करणे हिताचे ठरते. कंत्राटी कामगारांनीही आपला विमा क्रमांक ठेकेदाराकडून मागून घ्यावा.

धर्मादाय रुग्णालयांवरील बंधन

पनवेल, नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यातील अनेक मोठी रुग्णालये सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढणे बंधनकारक आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असल्यास रुग्ण निर्धन आणि ३ लाख ६० हजार रुपयांपर्यंत असल्यास दुर्बल घटकातील मानला जातो.

औषधांबाबत या योजनेत स्वतंत्र तरतूद आहे. रुग्णालयाने औषधे आणि साहित्य छापील किमतीने नव्हे, तर स्वतःच्या खरेदी किमतीने आकारावयाचे असते. निर्धन रुग्णाला त्याचेही पैसे पडत नाहीत. दुर्बल घटकातील रुग्णाला औषधांच्या बिलाची किमान निम्मी रक्कम भरावी लागते. रुग्णालयांना औषधे छापील किमतीपेक्षा बरीच स्वस्त पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे ‘खरेदी किमतीने’ या दोन शब्दांचे मोल कळते. बिलावर छापील किंमत दिसल्यास रुग्णालयातील समाजसेवकाकडे हरकत घ्यावी. तेथे दाद न मिळाल्यास रुग्णालय ज्या जिल्ह्यात आहे, तेथील धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

रोख मदतीचे मार्ग

मुख्यमंत्री सहायता निधीतून ज्या २० आजारांसाठी अर्थसाहाय्य दिले जाते, त्यांत मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि डायलिसिस या दोन्हींचा समावेश आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपयांपर्यंत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, आधार कार्ड, शिधापत्रिका, वैद्यकीय अहवाल आणि रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक ही प्रमुख कागदपत्रे होत. रुग्णालय खासगी असल्यास अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. पूर्वी त्यासाठी मंत्रालयात खेटे घालावे लागत. २०२५ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयांत मुख्यमंत्री वैद्यकीय साहाय्यता कक्ष सुरू झाल्याने ही पायपीट कमी झाली आहे. ही रक्कम रुग्णाच्या हाती न देता रुग्णालयाच्या खात्यात जमा होते आणि आधीच भरलेल्या बिलाची प्रतिपूर्ती मिळत नाही. महात्मा फुले योजनेतून होणारा उपचार या निधीतून दिला जात नाही. म्हणून अंदाजपत्रकात योजनेबाहेरचा औषधखर्च स्वतंत्र दाखवण्याची विनंती डॉक्टरांना करावी.

ग्रामीण भागातील रुग्णांसाठी अनेक जिल्हा परिषदा स्वतःच्या उत्पन्नातून कर्करोग, हृदयरोग आणि मूत्रपिंड विकार यांसारख्या दुर्धर आजारांसाठी एकरकमी मदत देतात. तिची रक्कम आणि उपलब्धता त्या वर्षाच्या तरतुदीवर अवलंबून असते. त्यामुळे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयात चौकशी केलेली बरी. कर्जत, माथेरान आणि खोपोली येथे नगर परिषदा, तर खालापूर येथे नगर पंचायत आहे. जिल्हा परिषदेची मदत ग्रामीण रहिवाशांसाठी असल्याने या शहरांतील रुग्णांनी आपल्या नगर परिषदेकडे अशी काही तरतूद आहे का, हे विचारावे.

दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या ६५ वर्षांखालील निराधारांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा दीड हजार रुपये मिळतात. त्यासाठी कौटुंबिक वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे लागते आणि अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. रक्कम लहान असली तरी ती थेट रुग्णाच्या खात्यात येते. येथे दिलेल्या मदतींपैकी फार थोड्या अशा आहेत, ज्यांतून औषधाच्या दुकानाचे बिल परस्पर भागवता येते.

मुंबईतील धर्मादाय संस्थांचाही अनेक कुटुंबांना आधार आहे. प्रभादेवी येथील श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यास गरजू रुग्णांना वैद्यकीय मदत देतो. टाटा समूहाच्या विश्वस्त संस्था वैयक्तिक वैद्यकीय अनुदानासाठी अर्ज स्वीकारतात. लालबागचा राजा मंडळाच्या डायलिसिस केंद्रात अल्प दरात सेवा मिळते. यांपैकी बहुतेक संस्था रुग्णालयाच्या नावे धनादेश काढतात. रुग्णालयाच्याच औषध विभागातून औषधे घेण्याची सोय असल्यास ही मदत औषधांकडे वळवता येते, याची चर्चा अर्जापूर्वीच रुग्णालयाशी करावी.

तेच औषध, कमी किंमत

मदत मिळवण्याइतकेच खर्च कमी करणे महत्त्वाचे आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत औषधे त्यांच्या मूळ नावाने, नामांकित कंपन्यांच्या तुलनेत ५० ते ९० टक्क्यांपर्यंत कमी किमतीत मिळतात. या योजनेच्या यादीत रक्तदाबाच्या औषधांबरोबरच सेवेलामर आणि एरिथ्रोपोएटिन यांचाही समावेश आहे. प्रत्येक दुकानात प्रत्येक औषध असतेच असे नाही. त्यामुळे महिन्याची चिठ्ठी आठवडाभर आधी देऊन औषध मागवून ठेवावे लागते. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, अशी वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली होती. तशी चिठ्ठी मागण्यात संकोच बाळगू नये.

एरिथ्रोपोएटिन आणि आयर्न सुक्रोज ही औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहेत. या सूचीतील औषधांच्या कमाल किमती राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवते. त्यापेक्षा अधिक किंमत आकारता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. महिन्याच्या बिलात हा फरक दिसतो की नाही, हे ग्राहकाने पडताळून पाहावे.

स्वस्त पर्याय निवडताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. गोळ्यांचे नाव बदलले तरी द्रव्य आणि मात्रा तीच आहे, याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी. रक्तवाढीच्या इंजेक्शनच्या बाबतीत तर त्यांना विचारल्याशिवाय बदल करूच नये. दुसरी गोष्ट थंडाव्याची. एरिथ्रोपोएटिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. मुंबईत स्वस्तात घेतलेले इंजेक्शन एप्रिल-मेच्या उकाड्यात कर्जत किंवा खोपोली लोकलने उघड्या पिशवीतून आणले, तर त्याचा गुण कमी होऊ शकतो. बर्फाच्या पिशवीतून आणावे, पण ते थेट बर्फाला टेकून गोठणार नाही, याकडेही लक्ष द्यावे. शक्य असल्यास ते डायलिसिस केंद्राच्या शीतपेटीतच ठेवण्यास सांगावे.

प्रवास आणि प्राप्तिकर

आठवड्यातून दोन-तीनदा करावा लागणारा प्रवास हा औषधांच्या पैशांत वाटा मागणारा खर्च आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या सवलतींच्या यादीत डायलिसिसच्या रुग्णांचा समावेश आहे. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून आगारात अर्ज करावा. प्रत्यारोपण किंवा डायलिसिससाठी लांब पल्ल्याच्या रेल्वेगाडीने जाणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला द्वितीय आणि शयनयान श्रेणीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. तिचा विहित नमुना उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडून भरून घ्यावा लागतो.

डोंगरातील वाड्या-वस्त्यांवरील रुग्णांसाठी पोटातून करावयाच्या, म्हणजे पेरिटोनियल डायलिसिसचा पर्यायही डॉक्टरांशी बोलून पाहावा. हे डायलिसिस घरच्या घरी करता येते. केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश करण्यासाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढण्यात आल्या. यात प्रवास वाचतो, मात्र द्रावणाच्या पिशव्या सतत लागतात आणि स्वच्छतेबाबत तडजोड चालत नाही.

नोकरदार कुटुंबांसाठी प्राप्तिकराची सवलत आहे. १९६१ च्या कायद्यातील कलम ८० डीडीबी अन्वये मूत्रपिंडाच्या जीर्ण विकारावरील खर्चासाठी ४० हजार रुपयांपर्यंत, तर रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास एक लाख रुपयांपर्यंत वजावट देण्यात आली. ती जुन्या करपद्धतीतच मिळते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेले असल्याने विवरणपत्र भरताना ते तपासावेत. मूत्रपिंडतज्ज्ञाची चिठ्ठी आणि औषधांच्या पावत्या या दोन्ही गोष्टी त्यासाठी वर्षभर जपाव्या लागतात.

एक फाइल, एक क्रम

वरील सर्व ठिकाणी थोड्याफार फरकाने तीच कागदपत्रे लागतात. ती एकाच फाइलमध्ये ठेवल्यास धावपळ वाचते :

- रुग्णाचे आणि कुटुंबप्रमुखाचे आधार कार्ड, बारा अंकी क्रमांक असलेली शिधापत्रिका
- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला
- आजाराचे निदान आणि डायलिसिसची आठवड्यातील संख्या नमूद केलेले मूत्रपिंडतज्ज्ञाचे प्रमाणपत्र
- मूळ नावांसह औषधांची चिठ्ठी आणि महिन्याच्या खर्चाचे अंदाजपत्रक
- गेल्या तीन महिन्यांचे रक्ततपासणी अहवाल आणि औषधांच्या पावत्या
- रुग्णाच्या बँक पासबुकाची प्रत आणि असल्यास विमा क्रमांक

उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिकेतील नावाची दुरुस्ती यांना वेळ लागतो. मूत्रपिंडाचा विकार बळावत चालल्याचे डॉक्टरांनी सांगितले की डायलिसिस सुरू होण्याची वाट न पाहता हे दोन कागद तयार करून ठेवणे शहाणपणाचे. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांसाठी मुदत ठरवून दिली आहे; ती उलटल्यास अपील करता येते.

क्रमही ध्यानात ठेवावा. आधी विमा, म्हणजे कामगार विमा असल्यास तो, नसल्यास महात्मा फुले किंवा आयुष्मान योजना. त्यांतून जे सुटते, ते सरकारी रुग्णालयाच्या औषध विभागातून. रुग्णालय धर्मादाय असेल तर निर्धन रुग्ण निधी. त्यानंतर उरलेल्या खर्चासाठी मुख्यमंत्री निधी, जिल्हा परिषद आणि विश्वस्त संस्था. हा क्रम उलटा केल्यास ‘आधी योजनेचा लाभ घ्या’ असा शेरा मारून अर्ज परत येतो आणि त्यात महत्त्वाचे आठवडे निघून जातात.

प्रत्यारोपण झाल्यावरही औषधे संपत नाहीत. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट यांसारखी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यामुळे ही फाइल पुढेही उपयोगी पडते.

पैशांअभावी एखादे औषध घेणे थांबले असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. रुग्ण औषध घेत आहे असे समजून डॉक्टर मात्रा वाढवतात आणि चिठ्ठी आणखी महाग होते. उलट परवडत नसल्याचे स्पष्ट सांगितल्यास कोणते औषध अजिबात थांबवता येणार नाही, कशाला स्वस्त पर्याय आहे आणि कोणते काही काळ पुढे ढकलता येईल, हे ठरवणे त्यांना शक्य होते. हा निर्णय दुकानाच्या काउंटरवर पाकिटाकडे पाहून होऊ नये. तो तज्ज्ञानेच घ्यावा आणि तो घेता यावा यासाठी घरची परिस्थिती त्याला ठाऊक असणे आवश्यक आहे.